आईला पर्निशियस ॲनिमिया निघाला. घरात थायरॉईड, कोड, लहानपणीचा डायबेटिस सगळं आहे, हे सगळं एकाच मुळातून येतं का?

सातारची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण वाचून सांगा प्लीज.

माझी आई ५९ वर्षांची, सातारला असते, मी ठाण्यात. बरेच दिवस तिला दम लागायचा, जिना चढताना मधल्या पायरीवर बसून घ्यायची. जीभ लालभडक आणि गुळगुळीत, साधी आमटी झोंबायची तिला. तोंड आलंय म्हणून केमिस्टकडून बी कॉम्प्लेक्स आणून खात होती. मग पायाला मुंग्या सुरू झाल्या. दिवाळीत मी गेले तेव्हा बघितलं की चालता चालता तिची चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि हिला पत्ताच नसतो, तशीच पुढे जाते. सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो म्हणून एक हात नळावर घट्ट धरलेला. बोटांची पेरं काळी पडलेली, आम्हाला वाटलं भांडी घासून झालं असेल.

रिपोर्ट काढले तर हिमोग्लोबिन ६.४, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ११८ म्हणजे वाढलेला, बी१२ ८० च्या खाली. डॉक्टरांनी विचारलं नॉनव्हेज खाता का, आई म्हणाली आम्ही माळकरी, झालं, विषय संपला, शाकाहारी आहात म्हणून झालंय. इंजेक्शनचा कोर्स दिला, आई उठून कामाला लागली, मग इंजेक्शनं बंद आणि सहासात महिन्यांत परत तेच. तेव्हा मला प्रश्न पडला की बाबा पण माळकरी, त्याच घरात तीच भाकरी तेच ताक घेतात, त्यांचं बी१२ जेमतेम का होईना पण आहे ना. मग दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी इंट्रिन्सिक फॅक्टर अँटिबॉडीची टेस्ट करून घेतली ती पॉझिटिव्ह आली, एन्डोस्कोपीत जठराचं आतलं अस्तर झिजलेलं निघालं, बायोप्सीतही तेच. पर्निशियस ॲनिमिया म्हणाले, ऑटोइम्यून आहे म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते, इंजेक्शन कायमचं.

आता खरा प्रश्न. आईला १५ वर्षांपासून थायरॉईड आहे. मोठ्या मावशीच्या अंगावर कोड आहे. मामेभाऊ आठ वर्षांचा असल्यापासून इन्सुलिनवर आहे. माझ्या धाकट्या बहिणीचे केस विशीतच पांढरे व्हायला लागले आणि तिचं आता बाळाचं प्लॅनिंग चाललंय. माझा टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) बॉर्डरवर आहे. हे सगळं सुटं सुटं आहे की एकच आहे? आनुवंशिक आहे तर आम्हा बहिणींनी आणि माझ्या १४ वर्षांच्या मुलीने काय टेस्ट करायची? एका लॅबची जीन टेस्टची जाहिरात सारखी येतेय मोबाईलवर, ती करू का? आणि घरात एक काकू म्हणतात की हे बाहेर बोलू नका, पोरीच्या लग्नाला अडचण होईल. ते ऐकून फार त्रास झाला मला.

इंजेक्शनवाली_वर्षा

ताई, तुमचं वाचून अंगावर काटा आला, चप्पल निसटायची गोष्ट माझीच आहे. मी ४४ ची, मला कळायला फार वेळ लागला कारण मी मासे खाते, आमच्याकडे आठवड्यातून तीनदा बांगडा नाहीतर सुरमई असतेच, त्यामुळे कुणाला बी१२ चा संशयच येईना. मला आधी लोहाची कमतरता निघाली होती, लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊन कंटाळले तरी फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा हलेना. नंतर समजलं की जठरात ॲसिडच तयार होत नाही त्यामुळे लोह पण नीट शोषलं जात नाही, आणि लोह कमी असलं की लाल पेशी लहान राहतात त्यामुळे एमसीव्ही वाढलेला दिसतच नाही, नॉर्मल येतो. म्हणजे दोन दुखणी एकमेकांना झाकून ठेवतात.

मला हाशिमोटो (थायरॉईडचा ऑटोइम्यून आजार) आहे, आईला पण होता. बहिणीला काही नाही, एकदम ठणठणीत, एकाच आईच्या पोटच्या आम्ही दोघी. त्यामुळे मुलीची काळजी करून झोप घालवू नका एवढंच सांगते.

आणि काकूंचं मनावर घेऊ नका हो. लपवलं तर उद्या मुलीलाच त्रास झाला तर डॉक्टरला सांगायला तिच्याकडे माहितीच नसेल.

स्मिअर_बघणारा

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रोज सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर (काचेवर पसरलेलं रक्त) बघतो. आईंना तपासल्याशिवाय औषधाबद्दल काही सांगणार नाही पण तुमचा प्रश्न इतका नेमका आहे की नीट उत्तर द्यायला हवं.

हो, हे सगळं एकाच मुळातलं आहे. पण आनुवंशिक म्हटलं की लोकांना वाटतं आईबापांकडून एकाच जीनमधून ठरावीक आजार येतो, थॅलेसेमियासारखा, तसं इथे नाही. घरात उतरते ती आपल्याच शरीरावर प्रतिकारशक्ती उलटण्याची प्रवृत्ती. वावर एकच असतं, त्यात कुणाला थायरॉईड उगवतो, कुणाला कोड, कुणाला टाइप १ डायबेटिस, आणि बऱ्याच जणांच्या वाट्याचं वावर आयुष्यभर मोकळंच राहतं. वर्षाताईंच्या बहिणीसारखं.

आधी आईंच्या पोटात काय होतं ते सांगतो. जठराच्या वरच्या भागात पराएटल पेशी असतात, त्या ॲसिड पण बनवतात आणि इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचं प्रथिन पण. अन्नातलं बी१२ या प्रथिनाला चिकटल्याशिवाय लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जात नाही. ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिसमध्ये पांढऱ्या पेशी त्या पराएटल पेशींमधल्या ॲसिड बनवणाऱ्या पंपावर हल्ला करतात (हाच तो पंप जो पित्ताच्या गोळ्या बंद करतात), वर्षानुवर्षं हळूहळू अस्तर झिजत जातं, आणि लिव्हरमध्ये बी१२ चा साठा काही वर्षांचा असल्यामुळे बाहेर दिसेपर्यंत पन्नाशी साठी उजाडते. म्हणून आजार बरीच वर्षं आधी सुरू झालेला असतो आणि निदान बरेचदा उतारवयात होतं.

आता जीन्स. २०२१ मध्ये एस्टोनियातल्या संशोधकांनी एस्टोनिया, ब्रिटन आणि फिनलंडच्या बायोबँका (लोकांचे डीएनए नमुने आणि आरोग्याची माहिती साठवणाऱ्या संस्था) एकत्र करून पर्निशियस ॲनिमियाचे २,१६६ पेशंट आणि साडेसहा लाखांवर इतर लोक यांचा डीएनए ताडून बघितला. पाच जागा सापडल्या: पीटीपीएन२२, पीएनपीटी१, एचएलए-डीक्यूबी१, आयएल२आरए आणि एआयआरई. यातली बहुतेक नावं बघून आमच्यासारख्याला लगेच ओळख पटते, कारण टाइप १ डायबेटिस, थायरॉईड, कोड यांच्या अभ्यासात हीच नावं परत परत येतात. एचएलए म्हणजे पेशी प्रथिनांचे तुकडे प्रतिकारशक्तीला ज्यावर ठेवून दाखवतात ते प्रथिन. एआयआरई तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. छातीत थायमस नावाची ग्रंथी असते, तिथे टी पेशींना आपलं काय आणि परकं काय हे शिकवलं जातं, आणि अख्ख्या शरीरातल्या अवयवांचे नमुने तिथे दाखवायचं काम एआयआरई करतं. ते जीन दोन्ही बाजूंनी पूर्ण बिघडलं तर लहानपणीच एपीएस-१ नावाचा दुर्मिळ आजार होतो, ॲड्रिनल, पॅराथायरॉईड अशा कितीतरी ग्रंथींवर एकदम हल्ला, आणि त्या मुलांपैकी काहींना पर्निशियस ॲनिमिया पण होतो. तुमच्या घरात असं काही नाही, इथे फक्त छोटे छोटे फरक असतात, प्रत्येक फरक धोका थोडासा वाढवतो, बस.

म्हणून ती जाहिरातीतली जीन टेस्ट करू नका. ती पाचही नावं युरोपियन वंशाच्या लोकांमध्ये शोधलेली आहेत, आणि पीटीपीएन२२ मधला जो बदल तिकडे गाजलेला आहे तो भारतात बराच कमी सापडतो. अशा टेस्टमध्ये बहुतेक वेळा एमटीएचएफआर नावाचं जीन बघून भलंमोठं पॅकेज गळ्यात मारतात, त्याचा पर्निशियस ॲनिमियाशी संबंध नाही. तुमच्या प्रश्नातली तीन ओळींची घरची माहिती त्या रिपोर्टपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

जीन टेस्टला खरंच अर्थ कुठे आहे तर लहान मुलांमध्ये. दोन चार वर्षांच्या मुलाला बी१२ ची जबरदस्त कमतरता निघाली, आईचं बी१२ नीट आहे, तर मग जन्मजात इंट्रिन्सिक फॅक्टर न बनणं किंवा इमर्सलुंड-ग्रासबेक सिंड्रोम यांचा विचार करतात. ते ऑटोइम्यून नाहीत, सरळ आईबाप दोघांकडून जीन आल्यावर होतात, नात्यात लग्न असेल तर जास्त.

थायरॉईड आणि जठर ही जोडी तर इतकी जुनी आहे की तिला थायरोगॅस्ट्रिक असं नावच पडलेलं आहे. गर्भात थायरॉईड आणि जठर दोन्ही आद्य अन्नमार्गाच्या पुढच्या भागातून तयार होतात, दोघांनाही आयोडीन ओढून घेता येतं. आणि एक व्यवहारातली गोष्ट: जठरात ॲसिड नसेल तर थायरॉईडची गोळी पण नीट शोषली जात नाही. कुणाचा डोस सारखा वाढवावा लागत असेल, गोळी वेळेवर उपाशीपोटी घेऊनसुद्धा टीएसएच खाली येत नसेल, तर जठराकडे बघायला हवं. आईंचा डोस गेल्या काही वर्षांत वाढत गेला का ते जुन्या चिठ्ठ्या काढून बघा.

घरचं_जेवण

दूध, ताक, पनीर भरपूर द्या, मोड आलेली कडधान्यं, स्पिरुलिना पण चांगली. नैसर्गिक उपायाने बी१२ वाढतं, आयुष्यभर सुई टोचून घ्यायची काय गरज?

स्मिअर_बघणारा

@घरचं_जेवण तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला इथे धोक्याचा आहे म्हणून स्पष्ट लिहितो. मोड आलेल्या कडधान्यात बी१२ नसतं. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांश बी१२ सारखं दिसणारं पण शरीराला न चालणारं रूप. आणि दूध पनीर कितीही दिलं तरी आईंच्या जठरात ते शोषून घ्यायला लागणारा इंट्रिन्सिक फॅक्टरच नाही. आहारातली कमतरता आपल्याकडे प्रचंड आहे हे खरंच, पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांच्या गटाने पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली तेव्हा ६७ टक्के लोकांचं बी१२ कमी निघालं होतं. पण त्यामुळेच तर घोटाळा होतो, इतक्या गर्दीत पर्निशियसचे पेशंट हरवून जातात, शाकाहारी म्हटलं की पुढे कुणी शोधतच नाही.

फॉलिक ॲसिड एकट्याने देणं तर सगळ्यात वाईट. हिमोग्लोबिन वर येतं, माणूस खूश होतो आणि आत मज्जारज्जूचं नुकसान चालूच राहतं. फॉलिक ॲसिडच्या कमतरतेचा आणि बी१२ च्या कमतरतेचा, दोन्ही ॲनिमिया स्मिअरवर हुबेहूब सारखे दिसतात. त्यांच्यात फरक आहे हे कळण्याची सुरुवात मुंबईतच झाली, १९२८ नंतर लूसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर हाफकिन संस्थेत राहून गिरणी कामगार गरोदर बायकांचा ॲनिमिया तपासत होत्या, यीस्टच्या अर्काने म्हणजे मार्माइटने त्या बायका बऱ्या झाल्या, आणि पर्निशियस ॲनिमियावर चालणारा शुद्ध लिव्हरचा अर्क मात्र त्यांना लागू पडला नाही. म्हणजे हे दोन वेगळे पदार्थ. त्यातलं एक पुढे फॉलिक ॲसिड ठरलं, दुसरं १९४८ मध्ये सापडलेलं बी१२.

लेस्टरची_सिस्टर

मी मूळची नाशिकची, इथे इंग्लंडमध्ये जीपी सर्जरीत (फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात) नर्स आहे, बी१२ ची इंजेक्शनं द्यायचं काम माझ्याकडेच असतं. इथे २०२४ मध्ये नाइसची (उपचारांचे नियम ठरवणारी इथली सरकारी संस्था) नवी गाईडलाईन आली त्यात घरात बी१२ ची कमतरता किंवा कुठलाही ऑटोइम्यून आजार असणं हे धोक्याच्या यादीत स्पष्ट लिहिलंय. म्हणजे मावशीचं कोड हे आईच्या ॲनिमियासाठी कामाची माहिती आहे हे आता अधिकृत आहे, पेशंट सांगायला लागला तर कुणी उडवून लावायचं नाही.

इथे हायड्रॉक्सोकोबालामिन (बी१२ चाच एक प्रकार) देतात. मज्जातंतूंचा त्रास असेल तर एक दिवसाआड एक मिलिग्रॅम, सुधारणा होत राहीपर्यंत, आणि मग दोन महिन्यांतून एकदा. तो त्रास नसेल तर दोन आठवडे आठवड्यातून तीनदा आणि मग दोन ते तीन महिन्यांनी. तिकडे मिथाइलकोबालामिन जास्त देतात, वेळापत्रक वेगळं असतं, ते डॉक्टरांनाच विचारा. पण बंद करायचं नाही हे दोन्हीकडे सारखं. रिपोर्टमध्ये बी१२ दोन हजार दिसतंय म्हणून थांबवलेले कितीतरी पेशंट मी बघितलेत, अहो, इंजेक्शन घेतल्यावर आकडा वर दिसणारच ना. आईंच्या पायांच्या मुंग्या किती कमी झाल्या, तोल किती सावरला ते विचारा.

अजून एक. हा गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या म्हाताऱ्या माणसांचा आजार असं जुन्या पुस्तकात असायचं. १९७८ मध्ये अमेरिकेत कृष्णवर्णीय बायकांमध्ये हा कमी वयात दिसतो असं दाखवून दिलं गेलं तेव्हा कुठे ती समजूत हलली. आपल्या लोकांत हा नसतोच असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

सातारची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, आईला फोनवर वाचून दाखवलं, ती म्हणाली म्हणजे माझ्या उपासांमुळे नाही ना झालं. केवढं ओझं घेऊन बसली होती ती मनावर. थायरॉईडच्या चिठ्ठ्या काढल्या, डॉक्टर तुम्ही म्हणालात तसंच निघालं, ५० पासून सुरू होऊन आता १२५ वर आहे आणि तरी टीएसएच वरच.

आता आम्हा बहिणींनी नक्की काय करायचं ते सांगा ना. बहिणीचं जास्त टेन्शन आहे. आणि माझी अँटिबॉडी टेस्ट निगेटिव्ह आली तर मी मोकळी का?

स्मिअर_बघणारा

नाही, निगेटिव्ह म्हणजे मोकळी असं नाही. इंट्रिन्सिक फॅक्टर अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तर निदान जवळजवळ पक्कं, पण खऱ्या पेशंटपैकी साधारण निम्म्यांमध्येच ती सापडते. पराएटल सेल अँटिबॉडी उलटी, ८० ते ९० टक्के पेशंटमध्ये असते पण थायरॉईडवाल्यांत आणि धडधाकट म्हाताऱ्या माणसांत पण सापडते. म्हणून काही त्रास नसताना घरातल्या सगळ्यांनी या टेस्ट करत सुटण्यात अर्थ नाही. (आणि टेस्ट करायचीच तर बी१२ चं इंजेक्शन घेतल्यावर लगेच करू नका, काही पद्धतींत रिझल्ट खोटा पॉझिटिव्ह येतो, किती दिवस थांबायचं ते लॅबला विचारा.)

तुम्ही दोघींनी सीबीसी, बी१२, फेरिटिन, टीएसएच एकदा करून घ्या. तुमचा टीएसएच बॉर्डरवर आहे तर अँटी-टीपीओ (थायरॉईडची अँटिबॉडी) पण करा. बी१२ आकड्यात नॉर्मल आलं आणि त्रास मात्र असेल तर होमोसिस्टीन आणि एमएमए (बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे दोन पदार्थ) बघता येतं, कारण याच अँटिबॉडीमुळे काही मशीनवर बी१२ चुकून नॉर्मल दिसू शकतं, असे रिपोर्ट माझ्या हातून गेलेत. जवळच्या कुणाला थॅलेसेमिया मायनर असेल तर तेही सांगा, त्यातही एमसीव्ही खाली राहतो. मुलीला काही त्रास नसेल तर आत्ता काही करू नका, तिच्या फाइलमध्ये फक्त घरची माहिती लिहून ठेवा, थकवा, तोंड येणं, पाळी बिघडणं, वजन एकदम उतरणं असं काही दिसलं तर तेव्हा डॉक्टरला ती दाखवता येईल.

मामेभावाला जरूर कळवा. टाइप १ वाल्यांमध्ये ऑटोइम्यून गॅस्ट्रायटिस इतरांपेक्षा बराच जास्त सापडतो, आणि पायाला मुंग्या आल्या की सगळे शुगरवर ढकलतात.

बहिणीचं मात्र लांबणीवर टाकू नका, दिवस राहण्याआधीच बी१२ बघून घ्या. कमतरता असताना फक्त फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करायची नाही, दोन्ही भरून काढायचं. बाळाच्या मणक्याच्या वाढीसाठी दोन्ही लागतात, आणि आईच्या अंगात बी१२ नसेल तर निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिन्यांनंतर हातपाय थरथरणं, बसायला लागलेलं बाळ परत पडून राहणं, कातडी काळवंडणं असं होऊ शकतं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांना हा प्रकार चांगला माहीत आहे. वेळेत कळलं तर पूर्ण टाळता येतो.

आईंच्या बाबतीत एकच राहिलं. झिजलेल्या अस्तरात गाठी आणि कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, म्हणून पुढची एन्डोस्कोपी कधी करायची हे गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना विचारून फाइलवर लिहून घ्या. घाबरायचं नाही, फक्त विसरायचं नाही.

इंजेक्शनवाली_वर्षा

आईंना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं उपास करा हवं तर, डॉक्टर नको म्हणाले नाहीत तोवर, पण इंजेक्शनची तारीख चुकवू नका. मी कॅलेंडरवर पौर्णिमेला खूण करून ठेवते, घरात सगळ्यांना दिसते, कुणी ना कुणी आठवण करतंच.

मुंग्या जायला वेळ लागतो ताई. माझ्या हातातल्या लवकर गेल्या, पायातल्या अजून थोड्या आहेत, पण आता चप्पल निसटली तर कळतं.

सातारची_लेक

सांगते नक्की. मामेभावाशी आत्ताच बोलले, त्याच्या पायाला दोन वर्षं मुंग्या आहेत आणि बी१२ एकदाही केलेलं नाही. सोमवारी सकाळी सॅम्पल द्यायला जातोय, बहीणही त्याच दिवशी जाईल. रिपोर्ट आले की इथेच टाकते.